एथिक्स कमिटीला पाडा दिसत नाही

नाशिकमधल्या एखाद्या कॉलेजातून पीएचडीचा प्रबंध विद्यापीठाकडे जायचा तर त्याच्यासोबत साम्य तपासणीचा अहवाल लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८ चा नियम आहे. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, चाळीसपर्यंत गेलं तर सहा महिन्यांत दुरुस्त करून द्यायचं, साठच्या पुढे गेलं तर नोंदणीच रद्द. उचललेली ओळ सॉफ्टवेअर बिनचूक पकडतं. पण सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावरच्या भगताने सांगितलेल्या तीस वनस्पती, त्या कुठल्या ओहोळाकाठी सापडतात, कशावर आणि किती द्यायच्या, हे सगळं प्रबंधात जसंच्या तसं उतरलं तर साम्य शून्य येतं. ते आधी कुठे छापलेलंच नसतं ना! छापणाऱ्याचं वाक्य चोरलं तर विद्यापीठ खडबडून जागं होतं. न छापणाऱ्याचं अख्खं ज्ञान उचललं तर त्याला ‘मौलिक योगदान’ म्हणतात आणि पदवी देतात.

आदिवासींवरच्या संशोधनाची नैतिक तपासणी आपल्याकडे एकेका माणसाच्या सही-अंगठ्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. पाडा, म्हणजे ज्यांचं ज्ञान, रक्त आणि नाव एकत्रच वापरलं जातं तो समूह, या तपासणीला दिसत नाही. तो दिसायचा असेल तर अनुसूचित क्षेत्रातल्या, म्हणजे राज्यघटनेनुसार आदिवासी म्हणून जाहीर झालेल्या भागातल्या, प्रत्येक संशोधनाला, मग शाखा कोणतीही असो, ग्रामसभेचा ठराव लागला पाहिजे. आणि तो प्रश्नावली पक्की होण्याआधी घेतला पाहिजे, पक्की करून छापून आणल्यावर नव्हे.

नाशिकला या बाबतीत सबब सांगायची सोय नाही. आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथे आहे, मुक्त विद्यापीठ इथे आहे, पुणे विद्यापीठाशी जोडलेली कॉलेजं जिल्हाभर आहेत, आदिवासी विकास आयुक्तालयही याच शहरात आहे. पेठ, सुरगाणा, कळवण हे अख्खे तालुके आणि दिंडोरी, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, बागलाणचे काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतात. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची एक चतुर्थांश लोकसंख्या अनुसूचित जमातींची होती: कोकणा, महादेव कोळी, भिल्ल, वारली, ठाकर, कातकरी. सकाळी गाडी काढली तर दुपारच्या आत पाड्यावर पोहोचता येतं. ‘फिल्डवर्क’ला इतकं सोयीचं क्षेत्र म्हणूनच ते वारंवार वापरलं जातं.

नियम काहीच नाहीत असं नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आदिवासींबद्दल बरीच स्पष्ट आहेत. त्या समाजाला नेमका फायदा होणार असेल तरच संशोधन करावं. आदिवासी कल्याण आयुक्त किंवा जिल्हाधिकारी यांच्यासारख्या सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी. पंचायत नसेल तिथे समाजाने मानलेल्या व्यक्तीची प्रवेशासाठी संमती घ्यावी, पण तिने हो म्हटलं तरी प्रत्येकाची स्वतंत्र संमती घ्यावीच. बोली जाणणारा माणूस आणि साक्षीदार हजर असावा. अतिमागास आदिम जमातींमधली मुलं, गरोदर बाया आणि म्हातारी माणसं शक्यतो वगळावीत. महाराष्ट्रात अशा जमाती तीन, त्यातली कातकरी आपल्या जिल्ह्यात आहे. पारंपरिक ज्ञानातून पैसा उभा राहणार असेल तर त्यात वाटा द्यावा, हेही तिथे लिहिलेलं आहे.

अडचण अशी की हे सगळं वैद्यकीय आणि आरोग्यविषयक संशोधनापुरतं आहे. २०१९ च्या नियमांनी अशा संशोधनाची नैतिक तपासणी करणाऱ्या समित्यांना, म्हणजे एथिक्स कमिट्यांना, सरकारदरबारी नोंदणी सक्तीची केली. समाजशास्त्र, भाषाशास्त्र, भूगोल, वनस्पतीशास्त्र, शिक्षणशास्त्र, वाणिज्य यांच्यावर असं कायदेशीर बंधन नाही. पीएचडीच्या विद्यार्थ्याला २०१९ पासून संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन क्रेडिटचा कोर्स करावा लागतो, पण त्याचा भर वाङ्मयचौर्य आणि बोगस जर्नलांवर आहे. त्यामुळे एमडीच्या विद्यार्थ्याने पेठमध्ये पन्नास बायांचं हिमोग्लोबिन तपासायचं म्हटलं तर समितीपुढे जावं लागतं. त्याच बायांना नवरा दारू पिऊन मारतो का, हे विचारत फिरणाऱ्या समाजकार्याच्या विद्यार्थ्याला बहुतेक ठिकाणी गाईडची सही पुरते. बोटाला सुई टोचण्याची जोखीम मोठी की हा प्रश्न दारात, सासूसमोर विचारण्याची?

जिथे समिती आहे तिथे ती काय पाहते तेही बघू. सात ते पंधरा सदस्य, निम्मे संस्थेबाहेरचे, अध्यक्ष बाहेरचा, गणपूर्ती पाचाची. त्यात वकील, समाजशास्त्रज्ञ आणि एक सामान्य नागरिक हवा. हा ‘सामान्य नागरिक’ बहुधा शहरातला निवृत्त शिक्षक किंवा बँक अधिकारी असतो. माणूस भला असतो, पण संमतीपत्रातला ‘ऐच्छिक’ हा शब्द त्याला खटकत नाही, कारण तो त्याच्या रोजच्या वापरातला आहे. गरज पडली तर संबंधित समाजाचा प्रतिनिधी बैठकीला बोलावण्याची मुभा तत्त्वांमध्ये आहे. मुभा असली की ती वापरली जात नाही, हा आपला सार्वत्रिक अनुभव.

आता ते संमतीपत्रच हातात घेऊ. छापील नमुन्यातलं नेहमीचं वाक्य असं: ‘सदर संशोधनातील माझा सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून मी कोणत्याही टप्प्यावर कोणतेही कारण न देता सहभाग मागे घेऊ शकतो/शकते याची मला पूर्ण कल्पना देण्यात आली आहे.’ इंग्रजी नमुन्याचं शब्दशः मराठी आहे हे. घरात कोकणा किंवा वारली बोलणाऱ्या बाईच्या कानावर ते कसं पडतं? ‘सदर’ने सुरू होणारं वाक्य तिने आधी ऐकलेलं असतं ते तलाठ्याकडे, वनखात्याच्या नोटिशीत किंवा घरकुलाच्या अर्जात. कागद, नाव, आधार नंबर, अंगठा हा क्रम तिच्या ओळखीचा आहे आणि त्याचा अर्थ ‘योजना’ असा आहे. त्यात संशोधकाला घरी आशाताईंनी आणलं असेल तर प्रश्नच मिटला. आशाताईंना नाही म्हणायचं म्हणजे उद्या पोराच्या लशीला आणि बाळंतपणाच्या गाडीला तोंड कसं दाखवायचं?

हे सुधारायला फार विद्वत्ता लागत नाही. कागद वाचून दाखवायचा नाही, गोष्ट सांगायची, तीही बोली जाणणाऱ्या आणि सरकारी मानधन न घेणाऱ्या माणसाने. मग तीन गोष्टी उलट विचारायच्या: मी कोण, मी इथून काय घेऊन जाणार, आणि तुम्ही नाही म्हणालात तर काय होईल. तिसऱ्याचं उत्तर ‘रेशन बंद होईल’, ‘मॅडम रागावतील’ असं काही आलं तर ती संमती नव्हे. पुन्हा सांगायचं किंवा उठायचं. सांगणं आणि अंगठा यांच्यात निदान एक रात्र जाऊ द्यायची, म्हणजे घरात बोलणं होतं. वनपट्ट्याचे दावे वर्षानुवर्षं अडकलेल्या गावात कोऱ्या-छापील कशावरही अंगठा द्यायला लोक घाबरतात, आणि ती भीती अनुभवातून आलेली आहे. तिथे ध्वनिमुद्रित तोंडी संमती घ्यावी, साक्षीदाराची सही वेगळी. साक्षीदार म्हणून आशा, अंगणवाडी सेविका, शिक्षक किंवा ग्रामसेवक नको. लोकांचं रोज ज्यांच्याशी काम पडतं ते तटस्थ कसे असतील?

आश्रमशाळा हे तर यातलं सगळ्यात निसरडं ठिकाण. एका छताखाली ठरावीक वयाची तीनचारशे मुलं, हजेरीपट तयार, जेवणाची वेळ ठरलेली. नमुना निवडीला यापेक्षा सोपं काय मिळणार? नियमाने सात ते बारा वयाच्या मुलाची तोंडी आणि बारा ते अठराची लेखी अनुमती लागते, शिवाय आईबापांची संमती. आईबाप द्राक्षबागेत किंवा वीटभट्टीवर, म्हणून मुख्याध्यापक किंवा अधीक्षकाची सही ‘पालक’ म्हणून घेतली जाते. याचं काय होतं ते देशाने एकदा पाहिलं आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात दहा ते चौदा वयाच्या मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला, त्यात आदिवासी वसतिगृहातल्या मुली मोठ्या संख्येने होत्या. तपासलेल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. काही मुलींच्या मृत्यूनंतर २०१० मध्ये प्रकल्प थांबला आणि २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध दिसला नाही; लस चांगली की वाईट हा इथे मुद्दाच नाही. मुद्दा सहीचा आहे. सही करणारा माणूस त्या मुलीचा कोणी नव्हता, आणि कागद पूर्ण भरलेला होता.

रक्ताकडे वळू. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची पहिली चाचणी बोटातून काढलेल्या थेंबावर होते. ती पॉझिटिव्ह आली की खात्रीसाठी जांभळ्या झाकणाच्या नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त शिरेतून घ्यावं लागतं. चाचणीला त्यातलं थोडंच लागतं. उरलेलं कुठे जातं, हा प्रश्न पाड्यावरच्या बाया विचारतात आणि त्याला हसण्यावारी नेलं जातं. वास्तविक संपूर्ण प्रस्तावातला तो सगळ्यात चांगला नैतिक प्रश्न असतो. अमेरिकेत ॲरिझोनातल्या हवासुपाई जमातीने १९९० च्या सुमारास विद्यापीठाला मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं. पुढे त्याच रक्तावर स्किझोफ्रेनिया, जवळच्या नात्यातले विवाह आणि स्थलांतराचा इतिहास यांवर अभ्यास झाले. जमातीतल्या एका बाईला ते २००३ मध्ये कळलं, तेही त्याच विद्यापीठातल्या पीएचडीच्या एका सादरीकरणाला ती बसली होती म्हणून. २०१० मध्ये विद्यापीठाने ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर दिले आणि रक्ताचे नमुने परत केले. आपल्या संमतीपत्रांत ‘नमुने भविष्यातील संशोधनासाठी जतन केले जाऊ शकतात’ अशी एक ओळ सर्रास असते. तिच्या जागी दोन रकाने हवेत: ‘या चाचणीनंतर नष्ट करा’ आणि ‘ठेवा, पण दुसऱ्या कामाला वापरण्याआधी पुन्हा विचारा’. नष्ट केल्याची नोंद ग्रामसभेकडे पाठवायची.

सिकलसेलमध्ये आणखी एक काटा आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली, आणि वाहक कोण, रुग्ण कोण हे आता कार्डावर येतं. उपचारासाठी ते हवंच. पण प्रबंधाच्या तक्त्यात ‘अमुक पाडा, घरे ४२, वाहक ११’ असं छापलं की त्या पाड्याच्या मुलींचं लग्न अडतं, तपासणी न झालेल्या मुलींचंसुद्धा. नावं गाळली म्हणजे गोपनीयता राखली असं समित्या समजतात. बेचाळीस घरांच्या पाड्यात ‘५५ वर्षांची सुईण’ किंवा ‘एकमेव भगत’ लिहिलं की नाव लिहिल्यासारखंच. व्यक्तीची माहिती जपणारा २०२३ चा कायदासुद्धा व्यक्तीपुरताच आहे. समूहाच्या बदनामीला त्यात जागा नाही. साधा नियम लावावा: पाड्याचं नाव नाही, गट किमान तालुक्याचा, दहापेक्षा लहान आकडा तक्त्यात नाही, आणि शीर्षकात जमातीचं नाव घालायचं असेल तर ते कशासाठी याचं लेखी उत्तर. ‘कातकऱ्यांमधील व्यसनाधीनता’ अशा शीर्षकांनी त्या समाजाचं काय भलं झालं, हे कुणी सांगावं.

आता भगताच्या त्या तीस वनस्पतींकडे परत. २००२ च्या जैवविविधता कायद्यात गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये पारंपरिक ज्ञानावरचा सामुदायिक बौद्धिक हक्कही मान्य केलेला आहे. पण भारतीय माणसाने निव्वळ अभ्यासासाठी माहिती गोळा केली तर जैवविविधता मंडळाची परवानगी लागत नाही. व्यापारी वापर आला की नियम सुरू होतात. गळती नेमकी या फटीतून होते. विद्यार्थ्याचा हेतू शुद्ध असतो, प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढतो, आणि तिथून तो कोणीही वाचू शकतो, औषध कंपनीसुद्धा. मोबाइलमध्ये लोकेशन चालू असेल तर काढलेल्या फोटोत अक्षांश-रेखांश आपोआप जातात, ते काढून टाकायला कोणी सांगितलेलं नसतं. दुर्मीळ कंद असेल तर पुढच्या पावसाळ्यात व्यापाऱ्याची माणसं थेट त्या ओहोळावर.

वेगळं करता येतं याचं उदाहरण केरळात आहे. तिरुवनंतपुरमच्या वनस्पती संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना कानी आदिवासींनी जंगलात चालताना थकवा घालवणारं आरोग्यपचा दाखवलं. त्यावरून ‘जीवनी’ हे औषध तयार झालं आणि परवाना शुल्क व रॉयल्टीतला अर्धा वाटा कानींना द्यायचा ठरलं. त्यासाठी १९९७ मध्ये कानींचा ट्रस्ट झाला. त्यातही दोष होते. गुपित दाखवणारे मोजके आणि समाज मोठा, मग मालक कोण, यावरून कानींमध्येच वाद झाले. नेमकं म्हणूनच ग्रामसभा आधी हवी. पैसा आल्यावर मालक शोधायला निघालं की भांडण ठरलेलंच.

ग्रामसभेचा ठराव म्हणजे सरपंचाच्या लेटरहेडवरचं ‘हरकत नाही’ नव्हे. पेसा हा अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा. महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांनुसार पाड्याला स्वतःची ग्रामसभा करता येते. चार-पाच पाड्यांच्या ग्रुप ग्रामपंचायतीचा कागद त्या पाड्याची संमती ठरत नाही. बैठका दोन हव्यात. पहिलीत संशोधकाने पंधरा मिनिटांत सांगायचं आणि बाहेर पडायचं, कारण पाहुणा समोर बसला असताना कोणी नाही म्हणत नाही. महिलांची सभा वेगळी. दुसरी बैठक आठवडा-पंधरा दिवसांनी. तोवर लोक प्रश्नावली ऐकतात, नको ते प्रश्न खोडतात आणि आपले घालतात. ठरावात एवढं तरी असावं: काय विचारणार, काय नेणार, कुठे किती वर्षं ठेवणार, मधेच थांबवायचं तर कोणाला सांगायचं, काय परत आणणार आणि कोणत्या महिन्यात.

महिना महत्त्वाचा आहे. विद्यापीठाचं वर्ष आणि पाड्याचं वर्ष जुळत नाही. दिवाळीनंतर कामाची माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जातात, ती होळीला परततात. लघुप्रबंधाची माहिती गोळा करण्याचा हंगाम नेमका डिसेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा घरात सापडतात म्हातारी माणसं आणि त्यांच्याकडे ठेवलेली लहान पोरं. मग ‘आदिवासी भागातील पोषणस्थिती’ म्हणून जे निष्कर्ष निघतात ते अर्ध्या गावाचे असतात. जुलैत भात-नागलीच्या लावणीत गेलं तर प्रत्येक तासाला मजुरी बुडते, त्याची भरपाई अंदाजपत्रकात नसते. बिस्किटाचा पुडा म्हणजे भरपाई नव्हे. वैद्यकीय अभ्यासात आणखी एक खर्च धरायला हवा: तपासणीत हिमोग्लोबिन ७ च्या खाली निघालेल्या गरोदर बाईला त्याच दिवशी रुग्णालयात न्यायची गाडी. तो आकडा प्रबंधाच्या तक्त्यासाठी जपून ठेवणं आणि बाईला घरी सोडून येणं, याला संशोधन म्हणत नाहीत.

ग्रामसभेच्या ठरावाच्या सूचनेवर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही खरे आहेत. पहिला: ग्रामसभेत बोलतात ते पुरुष आणि वजनदार लोक. डाकीण ठरवून बाईला छळणं, लहान वयातली लग्नं, दारूचे धंदे यांवरचा अभ्यास ते होऊ देतील का? नाही देणार. अशा विषयात समितीने ग्रामसभेचा नकार बाजूला ठेवण्याचा अधिकार राखावा, पण कारणं लेखी द्यावीत आणि त्या समितीवर त्याच भागातले दोन आदिवासी सदस्य असावेत, त्यांतली एक तरी बाई असावी. ग्रामसभेच्या होकाराने कोणा एकाचा नकार मोडता येणार नाही, हे तर आहेच. दुसरा आक्षेप जास्त गंभीर वाटतो. सरकारी परवानगी लागते म्हणताच खात्याच्या हातात कुलूप जातं. आश्रमशाळा चालवणारं खातंच आश्रमशाळेतल्या हलगर्जीपणाच्या अभ्यासाला परवानगी देणार? म्हणून आयुक्तालयाला माहिती द्यावी, तीस दिवसांत सूचना मागवाव्यात, उत्तर नाही आलं तर काम सुरू करावं. नकाराधिकार पाड्याकडे, खात्याकडे नाही. अंमलबजावणीत हे दोन्ही उलटे होण्याची शक्यता दांडगी आहे. ग्रामसभेचा ठराव उपचार ठरेल आणि खात्याचं पत्र ब्रह्मवाक्य. समितीच्या कामाच्या लिखित पद्धतीत हा फरक स्पष्ट शब्दांत घातला नाही तर तसंच होणार.

परदेशात हे झालं आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय धोरणात २०१० पासून आदिवासी समाजांवरच्या संशोधनाचं अख्खं प्रकरण आहे आणि ते सगळ्या शाखांना लागू आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ मध्ये स्वतःची संहिता केली: आदर, सचोटी, न्याय, काळजी आणि ठरलेली रीत. ती त्यांनी स्वतः लिहिली आणि संशोधकांना पाळायला सांगितली, यात तिचं वजन आहे. सुरगाणा-पेठच्या ग्रामसभांचा महासंघ अशी संहिता करू शकतो. विद्यापीठांनी ती मान्य करण्यापलीकडे काही करायची गरज नाही.

वेळ लागेल, हे खरंच आहे. दोन बैठका, बोली जाणणारा दुभाषी, हंगाम पाहून काम, परत जाऊन निष्कर्ष सांगणं, यात सहज सात-आठ महिने जातात. पीएचडीला ते परवडतं. एमए, एमएसडब्ल्यू, बीएड, नर्सिंग यांच्या दोन-तीन महिन्यांच्या लघुप्रबंधाला परवडत नाही. मग त्या विद्यार्थ्यांना पाड्यावर पाठवूच नये. आरोग्य केंद्राच्या नोंदी आहेत, जनगणना आहे, ग्रंथालयात धूळ खात पडलेले त्याच पाड्यांवरचे जुने प्रबंध आहेत. दरवर्षी नवी तुकडी त्याच बाईला तेच ‘तुमचे वार्षिक उत्पन्न किती’ विचारते. त्यापेक्षा एका तुकडीने त्या जुन्या प्रबंधांतले निष्कर्ष दोन पानांत साध्या मराठीत आणावेत, बोलीत ध्वनिमुद्रित करावेत आणि होळीला माणसं परत आली की सभेत ऐकवावेत. त्याला मार्क देण्याची तरतूद अभ्यासमंडळाला पुढच्याच बैठकीत करता येईल.